म्यानात न गेलेलं गाणं

मला मेलीला सगळं कळायला हवं असतं. ऑफिसात डबा खाताना शेजारणीचा फोन वाजला तरी माझ्या तोंडून आधी ‘कोण गं?’ निघतं. माझी लेक म्हणते, आई, तू म्हैसूरच्या नजरबादमधल्या सरकारी ऑफिसात चुकून लागलीस, तू पोलिसांत हवी होतीस. आता अशा बाईच्या घरात तीन पोरी दार लावून बसतात आणि आतून नुसतं धुम्म-टक, धुम्म-टक ऐकू येतं, हे मी किती दिवस सोसणार? एका दुपारी चहा घेऊन आत गेले आणि तिथंच पलंगावर बसून राहिले.

तिघींचा हिप हॉपचा ग्रूप होता. एक माझी लेक. दुसरी बन्नीमंटपात राहणारी, जिचे वडील लग्नाच्या बँडात ड्रम वाजवतात. ती लॅपटॉपवर बीट बनवायची. तिसरी जवळच्या मंड्या गावची. ती कन्नडमध्ये असं सपासप बोलायची की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

“तुमच्यात गातं कोण?” मी विचारलं.

“गात नाहीत आई, रॅप करतात.”

“म्हणजे तालात भांडतात.”

“हौदु आंटी, तसंच,” मंड्याची म्हणाली आणि माझ्याच वाटणीचं बिस्कीट उचललं.

त्यांचं पहिलं गाणं यायचं होतं आणि त्यावर तिघींचं अडलं होतं. पहिल्या गाण्यावरून लोक ओळखतात, ते दुसऱ्या कुणासारखं असून चालत नाही, असं लेकीनं मला समजावलं. मग आपल्या घरात असं काय आहे जे शेजारच्या घरात नाही? मिक्सर, फ्रिज, सासूची कटकट सगळ्यांकडे असते. विचार करता करता लेक एकदम उठून बसली आणि म्हणाली, “अप्पांची ललकारी.”

अप्पा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, शाळेत ड्रिल मास्तर होते, अजूनही गल्लीच्या टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा कुत्रा उठतो. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची नोकरी हासनला, तो शनिवारी येतो. बाकीचे दिवस घरात अप्पा, मी आणि लेक.

आमचे कोणी खापरपणजोबा म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घोडं गेलं, जमीन गेली, बोलण्यातली निम्मी मराठी गेली. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसतात, हसू देत. राहिली ती एक तलवार आणि तिची ललकारी. आयुधपूजेच्या दिवशी सगळं म्हैसूर स्कूटरला झेंडूचे हार घालून चाकाखाली लिंबू ठेवत असतं, त्या वेळी अप्पा म्यानातून तलवार काढतात, पाटावर ठेवतात आणि छाती काढून सुरू करतात:

‘ऊठ गं पाती, चढ गं हाती…’

पाती म्हणजे तलवारीची पात. तिला अशी जागी करायची. मग ती कृष्णा ओलांडते, तुंगा ओलांडते, कावेरीवर येऊन पाणी पिते. शेवटी अप्पांचा आवाज खाली येतो, ‘दमलीस बाई, म्यानात नीज,’ आणि ते तलवार आत घालतात.

नियम दोनच. ललकारी पुरुषानं म्हणायची. आणि एकदा सुरू केली की म्यानात घातल्याशिवाय थांबायचं नाही. माझे आजोबा म्हणत असताना एकदा त्यांचा भाऊ गेल्याची बातमी घेऊन माणूस दारात आला. आजोबांनी हात वर करून त्याला तिथंच थांबवलं, शेवटच्या ओळीपर्यंत गेले, तलवार आत घातली आणि मग जमिनीवर बसून हंबरडा फोडला. जागी केलेली पात उघडी राहिली तर ती घरातल्याच कुणाला तरी लागते, अशी आमच्यात समजूत आहे.

मी अप्पांची एकुलती एक. भाऊ नाही. आई गेल्यापासून दर वर्षी आरतीचं ताट धरून दाराशी उभी राहून ऐकल्यानं मला ती सगळी पाठ होती, पण मोठ्यानं म्हणायची माझी टाप नव्हती. अप्पांच्या मागं ही कोण म्हणणार, असं कुणी विचारलं की अप्पा म्हणायचे, “कुणी नाही. माझ्याबरोबर जाईल.” ते ऐकून मी दर वेळी स्वयंपाकघरात जायची आणि मनातल्या मनात सगळी म्हणून काढायची.

आदल्या दसऱ्याला लेकीनं ललकारी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती गाण्यात घालायची म्हणून परवानगी मागायला गेली तेव्हा मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. पण अप्पा खूश! “घाला की. भक्तिगीतांच्या कॅसेटी निघायच्या, तशी निघेल. लोकांना ऐकू दे जरा.”

गाणं आलं तो रविवार होता. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी बरोबर फिरायला जाणारे दोघं मित्र बोलावले, त्यांच्यासाठी मला म्हैसूरपाक आणायला लावला. लेकीनं स्पीकर लावला. आधी बँडाचा ड्रम वाजला, मग खालून खर्जात काहीतरी हलायला लागलं आणि एकदम अप्पांचा आवाज! ‘ऊठ गं पाती, चढ गं हाती.’ माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मंड्याच्या पोरीनं कन्नडमध्ये सुरू केलं, बसच्या गर्दीत अंग चोरून उभं राहायचं का, लग्नाच्या बाजारात मान खाली घालायची का, अशी एकेकाची हजेरी घेतली, आणि प्रत्येक कडव्यानंतर अप्पा परत ‘ऊठ गं पाती, चढ गं हाती.’ परत. आणि परत. मित्र मांडीवर ताल धरून बसले होते. अप्पा मान पुढं काढून वाट बघत होते.

गाणं थांबलं.

“पुढं?” अप्पा म्हणाले.

“संपलं अप्पा.”

“संपलं कसं? ती अजून बाहेर आहे.”

आम्हाला कुणाला क्षणभर कळलंच नाही. मग लेकीचा चेहरा उतरला. बन्नीमंटपाच्या पोरीनं लॅपटॉप उघडून अप्पांना दाखवलं. त्यांचा आवाज पडद्यावर चढउताराच्या रेघांसारखा दिसत होता. त्यातला पहिला तुकडा तिनं कापून घेतला होता आणि तोच फिरवत ठेवला होता. याला लूप म्हणतात म्हणाली. मी तर खुर्ची ओढून पुढंच बसले. किती बारीक काम ते! श्वास कुठं घेतला तेसुद्धा दिसत होतं.

“आणि शेवटची ओळ?” अप्पांनी विचारलं.

“ती खाली येते ना, अप्पा. तिथं बीट बसत नाही. लोक नाचायचे थांबतील.”

“थांबायलाच तर आहे ती!” अप्पा ओरडले.

त्यांनी उठून, इस्त्रीच्या शर्टात, त्या स्पीकरसमोर हात जोडून म्हटलं, “दमलीस बाई, म्यानात नीज.” मित्र एकमेकांकडे बघत राहिले. म्हैसूरपाक तसाच राहिला.

इथवर ठीक होतं. घरातलं गाणं, घरातली चूक. पण गाणं चाललं! कसं चाललं ते त्या तिघींनाही सांगता यायचं नाही. आधी कॉलेजच्या पोरींनी त्यावर व्हिडिओ केले. मग व्यायामशाळेत वाजायला लागलं. बन्नीमंटपाच्या पोरीच्या वडिलांनी ते बँडावर बसवलं आणि नवरदेवाच्या वरातीत क्लॅरिनेटवर ‘ऊठ गं पाती’ निघायला लागलं. मंड्याच्या मुलांनी आपले शब्द घालून वेगळं गाणं केलं, पण लूप तोच, अप्पांचा. धारवाडच्या कुणीतरी ते हळू करून त्यावर तबला वाजवला. ऑफिसातली माझी शेजारीण गुणगुणायची आणि मला सांगायची, “फार जुनं जानपद गीत आहे म्हणे ते, लोकगीत.” मी म्हटलं, ते माझ्या बापाचं आहे. तिला वाटलं मी थट्टा करते.

मला काय, गंमत वाटत होती. एक आवाज आपल्या हॉलमधून निघतो आणि कुठं कुठं जाऊन कुणाकुणाच्या तोंडात बसतो, हे मी रोज फोनवर शोधत बसायची. पण अप्पांची झोप उडाली. जिथं गाणं ऐकू येईल तिथं ते शेवटची ओळ म्हणून टाकायचे. मी त्यांना स्कूटरवरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेत होते. सिग्नलला शेजारी ऑटो, त्यात तेच गाणं. अप्पांनी मागून वाकून ऑटोत तोंड घातलं आणि ड्रिल मास्तरांच्या आवाजात म्हणाले, “दमलीस बाई, म्यानात नीज!” ड्रायव्हर दचकला. “एनु अज्जा?” म्हणजे काय आजोबा, म्हणाला बिचारा. मला हसू आवरेना आणि मागून अप्पा, “हसू नकोस, चालव.”

एकटा माणूस किती ठिकाणी पुरा पडणार? खिडकीतून ऐकू यायचं, रस्त्यावरून जायचं, शेजारचं नातवंड नाचायचं. अप्पा जेवता जेवता घास खाली ठेवून ओळ म्हणायचे. लेकीला दया आली. तिघींनी बसून गाण्याची नवी आवृत्ती केली, शेवटी ती ओळ घातली आणि सोडली. कुत्रं फिरकलं नाही तिच्याकडं. लोक जुनंच वाजवत राहिले.

आणि मग लेकीची स्कूटर घसरली. चामुंडी टेकडीच्या उतारावर खडी होती, दुसरं काही नाही. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. दवाखान्यातून आलो तर अप्पा भिंतीला टेकून बसलेले. नातीच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाले, “या वर्षी मी तलवार काढणार नाही. बाहेर आहे ती आधी आत येऊ दे. आणि नाही आली तर झालं, इथंच संपलं.”

“अप्पा, खडी होती हो रस्त्यावर,” लेक रडत म्हणाली.

“साकु,” अप्पा म्हणाले. म्हणजे पुरे. 

मला त्यांचा रागही आला आणि धसकाही बसला. माझा काही त्या समजुतीवर विश्वास नाही, असं मी म्हणते. पण अप्पांनी एकदा सोडली की ललकारी गेली, ही गोष्ट काही समजूत नव्हती. ऐंशीच्या पुढच्या माणसानं एक वर्ष सोडलं तर पुढचं वर्ष कुणी बघितलंय? दसरा दोन महिन्यांवर आला होता. लेक माझ्याशी धड बोलेना, अप्पा तिच्याशी बोलेनात.

अशात ग्रूपच्या पानावर एक निरोप आला. के. आर. नगरच्या बाजूचा एक माणूस लिहीत होता, कन्नडमध्ये, जरा चढ्या आवाजातच: हे बोल आमच्या घरचे आहेत, तुम्हाला कुणी दिले, आमची अज्जी विचारते आहे.

अप्पांना वाचून दाखवलं तर ते ताडकन उठले. “आमची ललकारी त्यांच्या घरची? चला. आत्ता चला.”

आत्ता म्हणजे रविवारी गेलो. नवऱ्यानं गाडी काढली. अप्पा, मी आणि गळ्यात हात बांधलेली लेक. कालव्याच्या कडेनं रस्ता, दोन्ही बाजूंनी भाताची लावणी चाललेली. घर नवं बांधलेलं, टाइल्सचं, अंगणात ट्रॅक्टर. अज्जी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. अप्पांहून दोन-चार वर्षांनी थोरलीच असेल, पण आवाज खणखणीत. आमच्यासारखीच मराठी, फक्त कन्नड आणखी दाट.

“बन्नी, बन्नी, या. चोर आले का माझे?” तिनं स्वागत केलं.

“चोर कोण ते आधी ठरू दे,” अप्पा म्हणाले.

“ठरवू की. म्हणा बघू तुमचं.”

अप्पा म्हणाले, तलवार नाही, दिवस नाही, कशी म्हणू? ती म्हणाली, रस्त्यावरचे ऑटोवाले म्हणतात त्यांना कुठं तलवार लागते? अप्पा जरा वरमले. मग ओट्याखाली ताठ उभे राहिले आणि सुरू केली. लावणीच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कृष्णा झाली, तुंगा झाली, कावेरी झाली. ‘दमलीस बाई, म्यानात नीज.’ अप्पांनी हात खाली घेतले आणि ओट्यावर बसले.

अज्जी त्यांच्याकडे बघत राहिली. “बसलात काय? बाकीची?”

“बाकी काय? झाली.”

“अय्यो, झाली कशी? अर्ध्यात सोडलीत की.”

अप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतके महिने ज्यानं ऑटोत तोंड घालून लोकांना पुरं करायला शिकवलं, त्याला कुणीतरी म्हणत होतं, तुमचीच अर्धी आहे. लेकीनं माझा हात घट्ट धरला.

अज्जीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही, छाती काढली नाही. विहिरीवर शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली:

‘ज्याला लागलीस, त्याच्या दारी दिवा लागो.’

 कालव्याचं पाणी ऐकू येत होतं.

“ही बायकांची ओळ,” ती म्हणाली. “बाप्यांनी तलवार आत घातली की मागं उंबऱ्यात उभी असलेली बाई हे म्हणते. जो मेला त्यालाही घर असतंच की. त्याचीही बाई दारात उभी असते. आमच्यात सासू सुनेला सांगते, लेकीला नाही, लेक दुसऱ्या घरची. तुमच्या घरी सून आली नाही वाटतं?”

“नाही,” अप्पा म्हणाले. “एक लेकच.”

“मग तिथं अडली असेल.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, तिकडे गाणं उघडं फिरतंय, पात बाहेर राहिली, घराला लागते म्हणतात, त्याचं काय? अज्जी हसली, दात नसलेलं तोंड उघडून मनापासून. “इतकी वर्षं तुमचे अप्पा अर्धीच म्हणत होते. घर पडलं का? उभं आहे की. आणि पोरींनी ती बाहेर सोडली नसती तर तुम्ही माझ्या ओट्यावर आला असता का?” मग लेकीच्या प्लास्टरकडे बोट दाखवून, “हळू चालव गं स्कूटर. पातीवर ढकलू नकोस.”

लेकीनं भीत भीत विचारलं, ही ओळ आम्ही गाण्यात घालू का? अज्जीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “नाचायचं तिथं बेडा, नको. ही उभं राहून म्हणायची.” लेक हो म्हणाली. ती शब्दाची पक्की आहे. अजूनही तिनं ती कुठं घातलेली नाही.

परत येताना गाडीत मी हळूच विचारलं, “अप्पा, आईला येत असेल का हो ही ओळ?” अप्पा खिडकीतून भाताकडं बघत राहिले.  मी पुन्हा विचारलं नाही, आणि माझ्यासारखीनं न विचारणं म्हणजे काय ते घरच्यांना ठाऊक आहे.

त्या महिन्यात आणखी दोन-तीन घरांचे निरोप आले. एका घरी तुंगेच्या आधी भीमा होती. एकीकडे तलवार राहिलीच नव्हती, ते कोयत्यावर म्हणत. मी सगळ्यांना फोन करून करून कान खाल्ले. तिघी पोरींचं दुसरं गाणंही आलं, ते काही फार चाललं नाही, पण पहिल्यामुळं जे सुरू झालं होतं ते थांबलं नाही. अप्पा रस्त्यात गाणं ऐकू आलं तरी आता गप्प असायचे. ते बरं की वाईट, मला कळेना. तलवारीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

आयुधपूजेच्या सकाळी उठले तर कपाट उघडं. अप्पा जमिनीवर कागद पसरून तलवारीला तेल लावत होते. लेकीनं धावत जाऊन लॅपटॉप आणि मायक्रोफोन आणून पाटाशेजारी ठेवला, अप्पांनी त्यावरही हळदकुंकू टाकलं. मी हार घातले, निरांजन लावलं आणि ताट घेऊन माझ्या जागी, दाराशी जाऊन उभी राहिले.

अप्पांनी ललकारी म्हटली. आवाज आधीच्या वर्षापेक्षा जरा थकलेला होता, पण एकही नदी चुकली नाही. ‘म्यानात नीज’ म्हणून त्यांनी तलवार आत घातली. दर वर्षी ते इथं खाली बसतात. या वर्षी बसले नाहीत. ते वळले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.

“म्हण,” ते म्हणाले.

 पन्नाशी उलटलेली बाई मी, ऑफिसात साहेबाला उलट बोलते, पण या दारात मोठ्यानं कधी काही म्हटलंच नव्हतं. डोळे मिटून कसंबसं म्हटलं, “ज्याला लागलीस, त्याच्या दारी दिवा लागो.”

“मोठ्यानं म्हण गं,” अप्पा म्हणाले. “तुझी आईही तिथंच उभी राहून असंच काहीतरी पुटपुटायची. मी कधी मागं वळून बघितलं नाही.”